डॉक्टरांची घंटी आणि आमचं भजनी मंडळ

चार बायका भजनाला जमल्या की देवाच्या आधी दुखणी निघतात, आणि दुखणी निघाली की किस्से. सगळ्या बायकांबद्दल मी बोलत नाही हं, उगाच कुणी अंगावर यायला नको! मी बोलतेय ते आमच्या बडोद्याच्या, रावपुऱ्यातल्या मंगळवारच्या मंडळाबद्दल. नलूताईच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी पडते, पेटी बाहेर येते, आणि पेटीचा भाता उघडायच्या आत पर्सा उघडतात.

"ही बघ, माझी नवीन गोळी!"

"अय्या, रंग काय छान आहे! मला मेलीला पांढरीच देतात."

साड्या दाखवाव्यात तशा आम्ही एकमेकींना गोळ्या दाखवतो. इतकी वर्षं हे चाललंय, तेव्हा किस्से साचणारच. रद्दी तरी विकता येते, किस्से सांगूनच संपवावे लागतात.

आमच्या सगळ्यांचे डॉक्टर एकच, त्रिवेदीसाहेब. भला माणूस, हाताला गुण आहे. खोड एकच. त्यांच्या टेबलावर एक पितळेची घंटी आहे. औषध लिहून झालं की ते मान वर करून विचारतात, "बीजुं कंई?" म्हणजे आणखी काही? आणि विचारता विचारताच घंटीवर हात मारतात! घंटी वाजली की बाहेरचा पेशंट आत. आपण आपला प्रश्न जुळवून तोंड उघडेपर्यंत पुढच्या पेशंटचा खोकला आपल्या मानेवर आलेला असतो.

या घंटीवर उपाय काढला तो नलूताईनं. ही आमची मास्तरीण. जन्मभर मुलांना गणित शिकवलं, आता भजनाला पेटी वाजवते आणि आमच्या चुका काढते. तिनं मंडळाला नियमच घालून दिला. डॉक्टरकडे एकटीनं जायचं नाही. जाताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या. आणि विचारल्याशिवाय उठायचं नाही! ही गोळी कशाची, कधी घ्यायची, कुठवर घ्यायची आणि आधीच्या गोळ्यांशी हिचं पटतं का? सून पसंत करताना करावी तेवढी चौकशी एकेका गोळीची. आता, बरोबर जाणारी आणि विचारणारी बहुतेक वेळा नलूताईच असायची, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं मी आत्ता सांगत बसलेय, त्याचं कारणही नलूताईच. मध्यंतरी ती विसरायला लागली. म्हणजे आपण सगळे चष्मा विसरतो तसं नाही, माणसं विसरायला लागली. आमची नलूताई आमच्या हातची जाते की काय, या धास्तीनं आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते सांगतेच. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते नीट कळायचं नाही.

*

नियमाचा पहिला मान उषावहिनीचा. उषावहिनी म्हणजे उपासाचं चालतंबोलतं पंचांग. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शिवाय शेजारच्या गुजराती बायकांचे असतील नसतील ते सगळे. तिला बीपी निघालं, डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, "जम्या पछी लेजो." जेवणानंतर घ्या.

नवरात्र आलं. वहिनीचे सगळे दिवस कडक उपास, आणि संध्याकाळी सोसायटीच्या चौकात गरबा. पाचव्या माळेला फेर धरता धरता वहिनी जी बसली ती बसलीच. डोळ्यांसमोर अंधारी. नलूताई तिला दुसऱ्या दिवशी उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेली. बीपी आभाळाला टेकलेलं!

"गोळी रोज लो छो?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेते ने साहेब! रोज जेवणानंतर."

नलूताईला शंका आली. ती म्हणाली, "वहिनी, काल काय जेवलात?"

"काल कुठे जेवले? उपास होता ने."

"मग काही खाल्लंच नाहीत?"

"खाल्लं की! साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा शिरा, बटाट्याची भाजी, दोन केळी."

"मग गोळी?"

"असं काय करतेस नलूताई! तो फराळ. त्याला जेवण थोडंच म्हणतात?"

म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस गोळी नाहीच, आणि नवरात्रात तर बिचारी पट्टीतून बाहेरच आली नव्हती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, जेवणाचा संबंधच ठेवू नका, सकाळी दात घासून झाले की पाण्याबरोबर घ्या. "बीजुं कंई?" आणि हात घंटीकडे.

पण आता वहिनी प्रश्न विचारायला शिकली होती. "आहे ने साहेब! निर्जळी एकादशीला त्या पाण्यानं उपास मोडतो का?"

घंटीकडे गेलेला हात डॉक्टरांनी मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले.

*

कमलमावशी आमच्यात सगळ्यांत मोठी. राहते डभोईला, लेकाकडे. मंगळवारी सकाळी बसनं येते, भजन करून, डॉक्टरांना दाखवून, मांडवीच्या बाजारात काहीबाही खरेदी करून संध्याकाळी परत. एकदा तिचे गुडघे फार धरले. डॉक्टरांनी तपासलं, दुखण्यावरची गोळी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता विचारलं, "माशी, बीजी कोई दवा चालु छे?"

"नाही हो साहेब. एक पण नाही. देवाची कृपा."

नलूताईनं सरळ मावशीची पिशवी टेबलावर पालथी केली. बीपीची पट्टी, साखरेची पट्टी, थायरॉइडची बाटली, रक्त पातळ करायची गोळी, वर एक आवळासुपारीची डबी!

"मावशी, ही औषधं नाहीत?"

"ती कुठे औषधं!" मावशी चक्क रागावली. "त्या तर रोजच्या!"

तिच्या हिशेबी औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. रोज घेतो तो चहा आणि त्या गोळ्या. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. म्हणाले, आधी कळलं ते फार बरं झालं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ही दुखण्यावरची दिली असती तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती होती. दुसरी, सौम्य गोळी लिहून दिली.

बाहेर आल्यावर नलूताईनं भर रस्त्यात मावशीची शाळा घेतली. "तोंडात जाईल ते सगळं सांगायचं! रोजचं असो, कधीमधीचं असो, कुणी दिलेलं असो. त्यातलं औषध कुठलं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही!" मावशीनं मान डोलावली. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. बस हलायच्या आत मावशी शेजारणीला सांगत होती, "त्रिवेदीसाहेब फार हुशार हं. नुसती पिशवी बघितली आणि मला बीपी आहे ते ओळखलं!"

*

आता घरचा किस्सा. आमच्याकडच्यांना डॉक्टरांना प्रश्न विचारायला आवडतं, फक्त त्यांना उत्तर आधी ठाऊक असतं आणि ते डॉक्टरांकडून वदवून घ्यायचं असतं. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून गोळी लागली. गोळीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं काय, तर सेवउसळ!

"साहेब, सेवउसळ साव बंद?"

"बंद नहीं काका, पण ओछी."

"कमी म्हणजे सेव कमी की उसळ कमी?"

"सेव."

"आणि वरची तरी?"

"तरी नहीं. ए तो बिलकुल नहीं!"

"पाव?"

"एक."

"एक म्हणजे एक जोडी ने?"

मी टेबलाखालून पाय मारला. तो लागला डॉक्टरांना. तरी ते शांतपणे म्हणाले, "काका, एक एटले एक. बीजुं कंई?" आणि घंटी वाजली.

पुढच्या रविवारी सकाळी हे फिरायला म्हणून गेले आणि पाय आपोआप वळावेत तसे सेवउसळच्या गाडीपाशी जाऊन पोचले. हातात प्लेट आली. शेजारी बघतात तर त्रिवेदीसाहेब! त्यांच्या प्लेटमध्ये तरी अशी लालभडक की डोळ्यांत पाणी यावं, आणि पावाच्या दोन जोड्या. दोघांनी एकमेकांच्या प्लेटी बघितल्या. खाऊन झालं, हात धुतले. मग आमच्याकडच्यांनी रुमालानं तोंड पुसत अदबीनं विचारलं, "बीजुं कंई, साहेब?"

त्या महिन्यात रिपोर्ट दाखवायला ते एकटेच गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही. दोघांचं काय बोलणं झालं ते आजवर कळलेलं नाही.

*

उषावहिनीचा निखिल कॅनडात असतो. आईच्या तब्येतीची तिकडे बसून काळजी, आणि काळजी वाटली की तो इंटरनेटवर वाचत बसतो. एकदा म्हणाला, डॉक्टरांशी मीच बोलतो, तू फक्त फोन समोर धर. वहिनीनं डॉक्टरांच्या तोंडासमोर फोन धरला. आरती ओवाळताना ताम्हन धरावं तसा, दोन्ही हातांनी.

निखिल सुटला! या गोळीचे साइड इफेक्ट काय, हिच्याऐवजी ती का नाही, तिकडे ही बंद झालीय हे खरं का, किडनीवर काय परिणाम, लिव्हरवर काय. डॉक्टरांनी घंटीकडे दोनतीनदा बघितलं, पण फोनवरच्या पेशंटला घंटी वाजवून उठवणार कसं? बिचाऱ्यांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. खरं सांगायचं तर फार छान दिलं. अर्ध्या गोष्टी आम्हालाही तेव्हाच कळल्या.

शेवटी दमून त्यांनी विचारलं, "भाई, तमे त्यां डॉक्टर छो?"

"नहीं अंकल, हुं तो कॉम्प्युटरमां छुं."

डॉक्टर खुर्चीत सावरून बसले. "एम! तो हवे मारो एक सवाल. मारुं प्रिंटर चालतुं नथी."

मग निखिलनं कॅनडातून दवाखान्याचा प्रिंटर दुरुस्त केला. वहिनी फोन धरून टेबलाखाली, डॉक्टर वायर धरून कपाटामागे, आणि बाहेर बाकावर बसलेले पेशंट कुजबुजायला लागले की आत काहीतरी मोठी केस आलेली दिसते. तेव्हापासून आमच्या चिठ्ठ्या छापून येतात आणि त्या आम्हालाही वाचता येतात. मंडळानं निखिलच्या नावानं एक भजन जास्तीचं म्हटलं.

*

राहिली मंदा. मंदा तशी वाघीण. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाचंही ऐकून घेत नाही. मंडळात तिचं आणि नलूताईचं तर दर मंगळवारी वाजायचं. आमचं एक ठरलेलं शेवटचं भजन आहे, त्यात दुसऱ्या कडव्याला सूर वर न्यायचा असतो. मंदाचा तिथे कमी पडायचा. नलूताई पेटी थांबवून म्हणायची, "मंदा, चुकलीस." झालं! मंदाचा चेहरा लाल. "तुझी पेटीच जुनी झालीय!" म्हणून ती चहा न घेता घरी जायची, आणि पुढच्या मंगळवारी सगळ्यांच्या आधी हजर.

तर अशी ही मंदा डॉक्टरांसमोर बसली की शेळी होते. काही विचारलं तरी एकच उत्तर.

"ऊंघ बराबर आवे छे?" म्हणजे झोप नीट लागते का?

"हा साहेब."

"एटले कंई तकलीफ नथी?"

"हा साहेब."

"के छे?" म्हणजे, की आहे?

"हा साहेब."

बाहेर आली की मात्र माझ्यावर प्रश्नांचा पूर! "शैला, ही गोळी अर्धी करून घेतली तर चालेल का? दुधाबरोबर घेऊ का? विसरले तर दोन घ्यायच्या का?" अगं बाई, हे आत विचारायचं!

शेवटी नलूताईनं मंडळातच तालीम ठेवली. मी डॉक्टर. नवऱ्याचा पांढरा सदरा घातला, गळ्यात मोबाइलची वायर, समोर देवघरातली घंटा. मंदा पेशंट. मी म्हटलं, "बोलो बेन, शुं तकलीफ छे?"

मंदानं माझ्याकडे बघितलं, घंटेकडे बघितलं, हात पदरात गुंडाळले आणि म्हणाली, "हा साहेब."

आम्ही हसून हसून सतरंजीवर लोळलो. नलूताई मात्र हसली नाही. तिनं मंदाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे गं. तुझ्याबरोबर मी येईन. आपण दोघी मिळून जाऊ ने." मंदानं मान फिरवली, पण त्या दिवशी चहा घेऊन गेली.

*

आणि त्याच नलूताईनं एके दिवशी चहात मीठ घातलं.

आम्ही हसलो. तीही हसली. नंतर एकदा तिनं उषावहिनीला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, ती बहीण जाऊन वर्षं झालीत. पुढे एकदा पेटीवर बोटं ठेवून ती नुसतीच बसून राहिली. "कुठलं म्हणायचं होतं गं?" असं तिनं विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही. जिला अख्ख्या वर्गाच्या मुलांची नावं पाठ, जी बेरजेला बोटं वापरत नाही, ती आम्हाला कुठलं भजन ते विचारत होती!

तिचा मुलगा बडोद्याबाहेर बाजव्याला नोकरीला आहे, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. तो म्हणाला, "काकू, वय झालं आता, होतं असं." सून बिचारी घाबरून गॅस बंद आहे का ते पाचपाचदा बघायची. आणि नलूताई? डॉक्टरांकडे जाऊया म्हटलं की म्हणायची, "मला काय धाड भरलीय? सगळं ठीक आहे." दुसऱ्यांसाठी इतके प्रश्न विचारणारी बाई स्वतःसाठी एक प्रश्न विचारायला तयार नव्हती. उत्तर काय येईल याची तिला भीती वाटत होती, हे आम्हाला दिसत होतं. आम्हालाही तीच वाटत होती.

मग एका मंगळवारी शेवटच्या भजनात मंदा चुकली. नेहमीसारखी थोडी नाही, चांगली दणकून चुकली. माझ्यासारख्या झांज कुटणारीलाही कळलं. मी नलूताईकडे बघितलं. ती पेटी वाजवत राहिली. भजन संपलं.

मी कप विसळायला आत गेले तर मंदा ओट्याला टेकून उभी. डोळे भरलेले.

"शैला, मी मुद्दाम चुकले."

मी हातातले कप ओट्यावर ठेवले.

"मुद्दाम, तिला कळतंय का बघायला. तिनं पेटी थांबवली नाही गं!"

मी नळ सुरू केला आणि कप धूत राहिले. मला रडू येत होतं आणि बाहेर नलूताईला ते ऐकू जायला नको होतं.

*

शेवटी आम्ही तिला फसवून नेलं. मंदालाच बरं नाही, तिला दाखवायचंय, तू चल, असं सांगितलं. मंदासाठी म्हटल्यावर ती लगेच चप्पल घालायला लागली! सुनेनं तिच्या गोळ्यांची पिशवी हळूच माझ्या हातात दिली. दवाखान्यात आम्ही सगळ्याच आत शिरलो. नलूताई, मी, उषावहिनी, मंगळवार होता म्हणून कमलमावशीसुद्धा, आणि सगळ्यांच्या मागे मंदा.

मी डॉक्टरांना सांगितलं. नलूताई समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. डॉक्टरांनी पिशवी बघितली. बीपीची एक, कॅल्शियमची एक, दोन्ही जुन्याच, त्यांनीच दिलेल्या. त्यांनी तिला वार विचारला, तो तिला आला. महिना विचारला, तो आला नाही.

"नलूबेन," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आपणे एक वार मगजना डॉक्टरने बतावीए." त्यांनी चिठ्ठी छापायला घेतली. नलूताईनं काही विचारलं नाही. कोण डॉक्टर, कशाला, कधी, काही नाही. तिनं फक्त माझा हात धरला.

प्रिंटर कुरकुरला. डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे केली, सवयीनं म्हणाले, "बीजुं कंई?" आणि हात घंटीकडे गेला.

हात घंटीवर पडलाच नाही. तो पडला मंदाच्या पर्सवर! मागून येऊन मंदानं आपली भलीमोठी पर्स धप्पकन घंटीवर ठेवली होती, आणि वर स्वतःचे दोन्ही हात.

"साहेब," मंदा म्हणाली, "घंटी पछी."

डॉक्टर बघतच राहिले. आम्हीही. मंदा हटली नाही. एका हातानं पर्स दाबून धरत दुसऱ्या हातानं तिनं आतून एक पट्टी काढली. निम्मीअधिक रिकामी झालेली.

"ही पिशवीत नव्हती साहेब. ही पेटीजवळच्या वेलदोड्याच्या डबीत असते. मी शेजारी बसते ने, मला दिसतं. मागच्या हिवाळ्यापासून ही खाते, भजनाला बसल्यावर पण खाते. मला सांगा, या गोळीनं माणूस विसरतं का?"

"अगं मंदा!" नलूताई एकदम बोलली, दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच. "ती खाजेची! चामडीच्या डॉक्टरनी दिली होती, बरं वाटलं म्हणून मीच दुकानातून आणते. ती कुठे औषध?"

मी कमलमावशीकडे बघितलं. कमलमावशी छताच्या पंख्याकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला, मागचं बारीक अक्षर वाचलं. "दिवसमां केटली?" त्यांनी विचारलं. रात्री झोपताना एक, आणि खाज सुटली की दिवसा आणखी, असं नलूताईनं शाळेतल्या मुलीसारखं कबूल केलं. डॉक्टरांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, सगळं हिच्यामुळेच आहे असं मी म्हणत नाही. पण या वयात ही गोळी डोक्यात गोंधळ करू शकते, झोपाळू करते, विसरायला लावते. आधी ही बंद. खाजेला लावायला मलम देतो. काही आठवडे बघू, आणि फरक पडला नाही तर मग मेंदूच्या डॉक्टरांकडे.

त्यांनी छापलेली चिठ्ठी खणात ठेवली. मग मंदाकडे वळून, पहिल्यांदाच घंटीकडे न बघता, विचारलं, "बीजुं कंई, मंदाबेन?"

मंदानं पर्स उचलली. "हा साहेब," ती म्हणाली. मग भानावर येऊन घाईघाईनं, "ना साहेब!"

*

पुढचे मंगळवार कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. पहिल्या मंगळवारी काही फरक नाही. नंतर चहा नीट यायला लागला, पण तो सून करत होती की नलूताई, ते कुणी विचारलं नाही. उषावहिनीनं नेहमीच्या उपासांत आणखी एक धरला, गोळी मात्र सकाळीच घेतली! नलूताई आमची नावं बरोबर घ्यायला लागली. पण पेटीवर ती अजून गप्पगप्पच असायची, आमच्या मागे मागे वाजवायची. ती बरी झाली असं म्हणायचा आम्हाला धीर होत नव्हता.

मंदा दर मंगळवारी शेवटच्या भजनाला दुसऱ्या कडव्यात चुकत होती. तीच जागा, तशीच दणकून. आम्ही खाली मान घालून झांजा वाजवायचो. भजन संपायचं. मंदा पाणी प्यायला आत जायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची.

परवाच्या मंगळवारी डभोईची बस उशिरा आली, म्हणून भजनाला उशीर झाला. कमलमावशीला परतीची घाई, उषावहिनीला निखिलचा फोन येणार होता, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. शेवटचं भजन आम्ही जरा पळवतच घेतलं. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं. मंदानं सूर लावला आणि चुकली.

पेटी थांबली.

मी झांज हातात तशीच धरून बसले. नलूताईनं भाता बंद केला, चष्म्यावरून मंदाकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"मंदा, चुकलीस."

मंदानं पदराचा बोळा तोंडाला लावला. मग डोळे पुसून, सावरून बसून, ती नलूताईला म्हणाली,

"परत बोल ने!"